जोड झाकण्याआधी

माझा मोठा मामा बॉम्बे टेलिफोन्समध्ये केबल जॉइंटर होता. १ एप्रिल १९८६ रोजी त्या खात्याचं महानगर टेलिफोन निगम (एमटीएनएल) झालं, तरी त्याच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. मुलुंड ते घाटकोपर हा त्याचा टापू. त्याची नोकरी बहुतेक रस्त्याखालीच झाली. मॅनहोलचं झाकण उघडायचं, आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, पाणी उपसायचं आणि मग खाली बसून तारांच्या जोड्या जुळवायच्या. झाकण उघडल्याबरोबर कुणीही आत उतरायचं नाही, हा त्याच्या उस्तादाने घालून दिलेला पहिला नियम. हा नियम त्याने कधी पुस्तकात वाचला नव्हता, आणि मोडलाही नव्हता.

जुन्या केबलला बाहेरून शिशाचं आवरण असे आणि आत कागद गुंडाळलेल्या तांब्याच्या शेकडो जोड्या. कागदाला ओल लागली की जोडी गेली. म्हणून एक्स्चेंजमधून केबलमध्ये कोरडी हवा दाबाने भरत. आवरणाला कुठे भोक पडलं तर आधी हवा बाहेर येते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. एक्स्चेंजमध्ये दाब उतरलेला दिसला की जॉइंटर निघाला, साबणाचं पाणी घेऊन. जिथे बुडबुडे, तिथे भोक. नवा जोड करण्याआधी आणखी एक परीक्षा असे. मेण गरम करायचं आणि केबलच्या टोकाचा कागद त्यात बुडवायचा. तडतडला, तर आत ओल आहे. मग जोड करायचा नाही, आणखी मागे कापायचं. "कान लावून ऐक," मामा सांगे. "डोळ्याला कोरडा दिसणारा कागद मेणात खरं बोलतो."

पुढे प्लास्टिकच्या आवरणाची, आत जेली भरलेली केबल आली आणि हवेची, मेणाची गरज संपली. मामाने ती केबल मनापासून स्वीकारली. तिच्यातल्या रंगांचा क्रम त्याने आम्हां भाचरांना सुट्टीत पाढ्यासारखा म्हणायला लावला होता: पांढऱ्याबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग लालबरोबर तेच पाच, मग काळा, मग पिवळा. तेव्हा तो खेळ वाटे.

इंजिनिअरिंग संपवून मी अंधेरीला सीप्झच्या बाजूला नेटवर्कच्या कामाला लागले, तेव्हा घरी सरावासाठी नेटवर्क केबलचा तुकडा आणला होता. मामाने तो सोलला, आतल्या चार जोड्या बोटांवर पसरल्या आणि म्हणाला, "अगं, ह्या तर आमच्या पहिल्या चार." खरंच तसंच आहे. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, आणि प्रत्येकीसोबत पांढरी. टेलिफोनच्या केबलीतला क्रम जगभरच्या ऑफिसांतल्या नेटवर्क केबलीने जसाच्या तसा उचलला आहे. मी प्लगवर हिरव्या जोडीच्या तारा वेगळ्या करून मध्ये निळी का बसवतात, ते त्याला सांगितलं. जोडीची पिळणी प्लगच्या अगदी तोंडापर्यंत का सोडवायची नसते, ते त्याने मला सांगितलं. पीळ सुटला की शेजारच्या जोडीचा आवाज हिच्यात शिरतो. हे मी कॉलेजात शिकले होते, पण समजलं त्या दिवशी.

त्याच संध्याकाळी त्याने दिलेला सल्ला मी आजही नव्या मुलांना देते. तक्रार आली की खालून वर यायचं. आधी वीज आहे का बघ, मग तार, मग जोड, आणि हे सगळं ठीक असेल तरच यंत्राच्या डोक्यात शिर. माणसं उलटं करतात. सेटिंग बदलत बसतात आणि शेवटी कळतं की झाडूवाल्याच्या हाताने प्लग निघाला होता. दुसरा सल्ला जोड झाकण्याआधीचा: दोन्ही टोकांना माणूस उभा कर, प्रत्येक जोडी बोलती करून बघ, मगच झाक. एका टोकाने "येतंय" म्हटलं म्हणून काम पुरं होत नाही. नेटवर्कच्या कामात जाण्याचा रस्ता आणि परतीचा रस्ता वेगळे असू शकतात. एकीकडून सगळं नीट दिसतं आणि दुसरीकडे अंधार असतो. मामाला हे ठाऊक नव्हतं, पण त्याचा नियम इथेही तंतोतंत लागू पडला.

आमच्या उपनगरांचा इंटरनेटशी संबंध लोकांना वाटतो त्याहून जुना आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एर्नेट या शैक्षणिक जाळ्याची सुरुवात झाली. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि जुहूची एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) होती. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी. पुढे २०१४ साली त्यांना इंटरनेट हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून, मॉडेम लावून, ईमेल जाऊ लागली. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पुढे एनसीएसटीतूनच अमेरिकेशी जोडणी झाली, आणि ‘.इन’ या नावाची नोंदवहीही बरीच वर्षं तिथेच सांभाळली गेली.

त्या काळी पवईत काम केलेले एक निवृत्त सर मला लाभले. ते सांगत, तेव्हाच्या व्यवस्थेत पत्त्यातच रस्ता लिहावा लागे: अमुक यंत्राकडून तमुककडे, तिथून पुढच्याकडे, मधे उद्गारचिन्हं. म्हणजे पत्र पाठवणाऱ्यालाच जाळं पाठ असायला हवं. आता ते काम राउटर करतात, एकमेकांना "हा पत्ता माझ्याकडून पोचतो" असं सांगून. ती पद्धत, बीजीपी, १९८९ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका बैठकीच्या वेळी दोन अभियंत्यांनी कागदी रुमालांवर मांडली. तिच्या मुळाशी विश्वास आहे आणि धोकाही तिथेच आहे. सरांचं सांगणं एवढंच असे: "शेजाऱ्याने सांगितलेला रस्ता तपासल्याशिवाय पुढे सांगायचा नाही. आणि जे आपलं नाही, ते आपलं म्हणून तर कधीच सांगायचं नाही." २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या एका दूरसंचार कंपनीने देशापुरतं यूट्यूब बंद करायला एक खोटा रस्ता घातला, तो चुकून बाहेर गेला आणि तिला जगाशी जोडणाऱ्या वरच्या कंपनीने न तपासता पुढे केला. सुमारे दोन तास जगभरातलं यूट्यूब कोलमडलं. सरांच्या दोन वाक्यांतलं एकेक वाक्य तिथे मोडलं होतं.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मुंबईसह मोजक्या शहरांत. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, त्यात चित्रं नव्हती, फक्त अक्षरं. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. त्यानंतर एक विचित्र अवस्था आली. अंधेरीतल्या एका कंपनीचा ग्राहक बोरिवलीतल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला काही पाठवी, आणि ते समुद्राखालून परदेशात जाऊन परत येई. त्या प्रवासाचे पैसे दोन्ही कंपन्या परदेशी भरत. २००३ साली निक्सी स्थापन झाली आणि देशातल्या कंपन्यांना एका छताखाली तारा जोडून देवाणघेवाण करण्याची सोय झाली. गावातला माल गावातच राहावा, एवढाच तो विचार.

पण उपनगरातल्या घराघरात नेट नेलं ते केबलवाल्यांनी. घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीकडे ज्यांचं जाळं होतं, त्या काकांकडे मी नोकरीच्या सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन बसे. १९९१च्या आखाती युद्धाच्या बातम्या गच्चीवरच्या डिशने दाखवून त्यांनी धंदा सुरू केला होता. पुढे त्याच गच्च्यांवरून नेटची तार गेली. शिक्षण दहावी, पण त्यांच्याइतका नेमका माणूस मला मोठ्या कंपन्यांत क्वचित भेटला.

दोन इमारतींच्या मध्ये तांबं घालायचं नाही, हे ते मुलांना पहिल्या दिवशी सांगत. प्रत्येक इमारतीचं अर्थिंग वेगळं असतं. पहिल्या मोठ्या गडगडाटात एका गच्चीवरचा झटका तारेतून दुसऱ्या गच्चीवरच्या नेटवर्क स्विचमध्ये उतरतो. मध्ये फायबर घाला, काचेतून वीज जात नाही. एखाद्या इमारतीचं नेट अचानक ठप्प झालं आणि स्विचचे सगळे दिवे एकदम थरथरू लागले, तर कुणीतरी तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली आहेत असं समजा. संदेश गोल गोल फिरत राहतात, वाढत जातात आणि सगळं जाळं गुदमरतं. एकेक तार काढत जा, दिवे शांत झाले की चोर सापडला.

फायबर तुटली की ओटीडीआर लावतात. हे यंत्र काचेत प्रकाश सोडतं आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर सांगतं. नवी पोरं तेवढे मीटर रस्त्यावर मोजत जात आणि हात हलवत परत येत. काका म्हणत, "यंत्र काचेची लांबी सांगतं, रस्त्याची नाही. वाटेत खांबांवर गुंडाळून ठेवलेली केबल आधी वजा कर." त्यासाठी कुठे किती गुंडाळून ठेवली आहे याची वही त्यांच्याकडे होती. अशी वही ठेवणारा माणूस माझ्या दृष्टीने खरा इंजिनिअर.

उपनगराला आपलं पंचांग असतं आणि काकांना ते पाठ होतं. पावसाळ्यात रस्ता खणायची परवानगी मिळत नाही, म्हणून मे महिन्यात सगळीकडे खोदकामाची घाई. केबल सर्वात जास्त तुटतात त्या तेव्हाच. त्या महिन्यात त्यांची माणसं सकाळीच फेरी मारून जेसीबीवाल्याला चहा पाजत आणि आपली केबल कुठून जाते ते खडूने आखून देत. गणपतीत उंच मूर्तींसाठी रस्त्यावरच्या तारा बांबूने उचलून धराव्या लागतात. तेव्हा त्या आठवड्यात जाळ्यात कुठलाही बदल करायचा नाही, हा दंडक. माझ्या कंपनीत परदेशी ग्राहकांसाठी डिसेंबरच्या शेवटी बदल थांबवत. काकांनी तेच अनंत चतुर्दशीशी जोडलं होतं. बोरिवली आणि मुलुंडचे त्यांचे दोस्त राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला माकडांमुळे तार ताणून बांधू नका म्हणत. थोडी ढिली ठेवली तर लोंबकळल्यावरही तुटत नाही.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी ज्या इमारतीत काम करत होते तिथे राउटर वरच्या मजल्यावर सुखरूप होते, पण बॅटऱ्या आणि जनरेटर तळघरात होते आणि ते बुडाले. मामाला सांगितलं तेव्हा तो चिडला. "पाण्याला विचारून जागा ठरवायची असते. कुर्ल्याच्या, घाटकोपरच्या जुन्या माणसाला विचारलं असतं तरी त्याने भिंतीवरची खूण दाखवली असती." त्यानंतर मी कुठलीही नवी जागा बघायला गेले की आधी रखवालदाराला आणि शेजारच्या वाण्याला विचारते, पाणी कुठवर येतं.

जगात अशा शहाणपणाची नोंद होत आली आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने पहिला आरएफसी, म्हणजे अभिप्राय मागणारं टिपण, लिहिला आणि पुढच्यांसाठी आपलं म्हणणं लिहून ठेवायची प्रथा पडली. १९९४पासून उत्तर अमेरिकेतले आणि २००३पासून दक्षिण आशियातले नेटवर्क चालवणारे लोक एकत्र बसून अनुभव सांगतात. ते सगळं मोलाचं आहे आणि बहुतेक इंग्रजीत आहे. असल्फ्याच्या टेकडीवर केबल कशी चढवायची, भांडुपच्या कोणत्या मॅनहोलमध्ये भरतीचं पाणी येतं, हे त्यात सापडणार नाही.

३१ जानेवारी २०२० या एका दिवशी एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, मुंबईचे आणि दिल्लीचे. त्यांच्यात मामाच्या हाताखाली शिकलेले लोक होते. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, सगळं शहर घरून काम करू लागलं आणि रस्त्यावर शिडी घेऊन फिरणारी पोरं अत्यावश्यक सेवेत मोजली गेली. त्या पोरांना विचारायला जुनी माणसं मात्र एक्स्चेंजमध्ये फारशी उरली नव्हती.

तुमच्या इमारतीत, चाळीत, नात्यात असा एखादा निवृत्त जॉइंटर, लाइनमन किंवा जुना केबलवाला असेलच. त्याच्याजवळ वही घेऊन बसा. केबल कुठून कुठे गेली होती, पाणी कुठे शिरायचं, कोणती चूक परत परत व्हायची आणि ती कशी सापडायची, एवढं विचारा. तो सांगेल ते त्याच्याच मराठीत लिहून घ्या आणि तुमच्या भागात आज जो मुलगा नेट दुरुस्त करायला येतो, त्याच्या हातात एक प्रत द्या. हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका.