लीळाचरित्र, आरसिंक आणि तुमचा प्रबंध

आमच्या परतवाड्याच्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तिथं म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं. महानुभाव परंपरा सांगते, की मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत गेली. अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. म्हणूनच आज तिचे वेगवेगळे पाठ मिळतात.

तुमचा डेटा असा आठवून लिहिता येईल का?

१९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियात ‘आरसिंक’ आणलं. नेटवर्कवरून ते फाइलचा बदललेला भागच पाठवतं. ट्रिजेलच्या १९९९च्या पीएचडी प्रबंधाचा हा एक विषय!

लिनक्सवर एसएसएच की बसवा, क्रॉनला रात्रीची वेळ द्या. प्रत दुसऱ्या गावच्या मशीनवर आपोआप जाईल. चूकही तितक्याच इमानानं जाते, म्हणून तारीखवार प्रती ठेवा. आणि अधूनमधून एखादी फाइल परत आणून उघडून बघाच.