वळणाचा हिशेब

बोरघाटातून आगगाडीने जाताना वळणावर डबा किंचित आतल्या अंगाला कलतो. पुष्कळांना तो वेगाचा झोक वाटतो. वस्तुतः वेगाचा झोक बाहेरच्या बाजूला असतो. आतला कल हा रूळ टाकणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेला असतो. त्यासाठी बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच बसवतात.

धावती वस्तू आपणहून सरळच जाऊ पाहते, हे न्यूटनने 1687 साली सांगितले. तिला वळवायचे तर आतल्या दिशेने जोर लावावा लागतो. रुळांना कल दिला की ते गाडीला नुसते तोलून धरीत नाहीत, आत रेटूही लागतात. गाडी रिकामी असो वा खच्चून भरलेली, लागणाऱ्या कलाचे माप एकच. वजन हिशेबातून उडून जाते. उरतात दोनच गोष्टी : वळणाची त्रिज्या आणि वेग. त्यात वेगाचा वर्ग धरावा लागतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट!

पण त्याच रुळावरून जलद गाडी जायची आणि मालगाडीही. कल फार ठेवला तर सावकाश गाडीचा भार आतल्या रुळावर पडतो. म्हणून प्रत्येक वळणाचा कल ही एक तडजोड असते. वेगमर्यादा हे त्या तडजोडीचेच कलम. ते मोडले म्हणजे काय होते, याचे दोन दाखले पाहू.

1 नोव्हेंबर 1918. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गाडीचालकांचा संप होता. कंपनीने गाड्यांच्या पाळ्या लावणाऱ्या एका कर्मचाऱ्याला जुजबी शिकवणीवर चालकाच्या जागी उभे केले. मॅलबोन स्ट्रीटजवळच्या वळणावर मर्यादा ताशी 6 मैलांची. गाडी शिरली ती अंदाजे तीस मैलांनी. वेग पाचपट, म्हणजे जोर पंचवीसपट. लाकडी डबे चिरफाळले आणि किमान 93 माणसे मेली.

कोणी म्हणेल, तो माणूस नवखा होता. मग जपानकडे पाहा. आमागासाकीजवळच्या वळणाची त्रिज्या होती 304 मीटर आणि बाहेरचा रूळ 97 मिलिमीटर उंच. एवढ्या कलाने पुरता तोल साधतो तो ताशी साठ किलोमीटरच्या जवळपास. मर्यादा होती 70. 25 एप्रिल 2005 रोजी सकाळी तेवीस वर्षांचा एक शिकलेला चालक तेथे सुमारे 116 किलोमीटर वेगाने शिरला. जोर मर्यादेच्या पावणेतीनपट झाला. गाडी उलटून एका राहत्या इमारतीवर आदळली. चालकासह 107 माणसे गेली, साडेपाचशेहून अधिक जखमी झाली.

त्याआधीच्या स्थानकात त्याची गाडी 72 मीटर पुढे गेली होती आणि सुमारे ऐंशी सेकंदांचा उशीर झाला होता. अशा चुकीबद्दल चालकांना ‘पुनर्शिक्षणा’ला बसवीत. नाव शिक्षणाचे, भोग शिक्षेचा. तो त्याने पूर्वी तेरा दिवस भोगला होता. त्या दिवशी त्याने गार्डाला अंतर कमी सांगण्याची गळ घातली आणि नियंत्रण कक्षाला आठ मीटर कळवण्यात आले. चौकशी आयोगाने 2007 साली नोंदवले की, हे बिनतारी संभाषण ऐकण्यात आणि शिक्षा टाळण्याच्या विचारात त्याचे लक्ष गुंतले असावे, आणि ब्रेक लागायला उशीर झाला. जादा वेगाची गाडी आपोआप रोखणारी यंत्रणा त्या वळणावर नव्हती. जूनमध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला, तेव्हा ती बसवलेली होती आणि मर्यादा 60 वर आणली होती.

मंडळी, रुळाचा कल ठरवताना इंजिनियर मिलिमीटर मोजतो. वेळापत्रक आखणाऱ्याने त्याच काटेकोरपणाने माणसाची धास्ती मोजली पाहिजे. यंत्रणा बसवण्याचा खर्च आणि दोन मिनिटांची सवलत कंपनीच्या वहीत जड वाटते. ती टाळली, तर तिचा भार जातो चालकाच्या मनावर. तेथे जमा झालेल्या भीतीला वळणावर उतार पडत नाही. म्हणून अपघातानंतर ‘ब्रेक कोणी लावला नाही?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘उशिराची भीती कोणी घातली?’ हेही विचारा. तो प्रश्न प्रत्येक प्रवाशाचा आहे.