चित्रातील रंग व अभिरुची : वऱ्हाड
चित्र आवडण्यात रंगाचा वाटा किती, हा कलाविचारातील जुना प्रश्न आहे. वऱ्हाडापुरते पाहायचे तर त्याचे सर्वांत समृद्ध उदाहरण शेजारच्या अजिंठ्यात आहे.

वऱ्हाड व अजिंठा : अजिंठ्याची बहुतेक प्रसिद्ध चित्रे इ. स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या राजवटीतील आहेत. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. १६ व्या लेण्यातील शिलालेखानुसार ते लेणे हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले.

रंगद्रव्ये : तांबडा व पिवळा रंग गेरू आणि पिवळ्या मातीपासून, हिरवा हिरव्या मातीपासून, काळा काजळीपासून केलेला आहे. निळ्यासाठी मात्र राजावर्त हे रत्न दूर अफगाणिस्तानाकडून येई. त्यामुळे बहुतेक भिंतींवर तांबूस-पिवळ्या छटांचे राज्य आहे आणि निळा मोजक्या ठिकाणी उजळून दिसतो. वऱ्हाडातील माणसाला यातला गेरू परका नाही. ओटा सारवताना, भिंतीला पट्टा ओढताना, पोळ्याला बैल सजवताना तोच हाताला लागतो. अजिंठ्यातील प्रसिद्ध बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रातील तांबडा आणि अंगणातील तांबडा ही एकाच जातीची, लोहयुक्त माती आहे.

शास्त्रविचार : विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात रसिकांच्या आवडीची वर्गवारी आहे. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रियांना अलंकार भावतात आणि इतर लोकांना रंगांची श्रीमंती. या उतरंडीत रंगाची ओढ सामान्यांच्या वाट्याला आली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने मात्र रंगाला भावाशी जोडून मान दिला : शृंगाराला श्याम, रौद्राला तांबडा, हास्याला पांढरा, अद्भुताला पिवळा.

आधुनिक संशोधन : २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५० सामान्य प्रेक्षकांना त्यांनी पूर्वी न पाहिलेली १० चित्रे दाखवली. चित्रातील सर्व रंग रंगचक्रावर एकत्र फिरवून सर्वांत सुंदर वाटेल तिथे थांबायचे होते. त्यांची निवड मूळ रंगसंगतीपासून सरासरी केवळ ७ अंशांनी ढळली. अमूर्त चित्रांच्या एकत्रित निकालात कल थेट मूळ संगतीकडेच होता. म्हणजे ‘इतर लोकां’ची रंगदृष्टी कच्ची नाही, चित्रकाराने साधलेला मेळ त्यांनाही जाणवतो. स्टीफन पामर व कॅरेन श्लॉस यांनी २०१० मध्ये मांडले, की ज्या रंगाच्या वस्तू आपल्याला प्रिय, तो रंगही प्रिय होतो. वऱ्हाडात हा विचार सहज पटतो. इथे काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावाची वस्ती. कापूस तर पांढरे सोने. ज्याचे घर काळीवर चालते, त्याला काळा रंग केवळ अशुभ कसा वाटेल?

रंग बदलला की आवडही : १९२० च्या दशकारंभी निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचे रोगण दिले. कालांतराने ते पिवळे पडले. अशा थराखाली पांढरा पिवळट होतो, निळा हिरवट दिसतो. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने हे थर काढण्याचे काम हाती घेतले. दरम्यानच्या काळात अनेकांनी ज्या ‘जुन्या, उबदार’ रंगांवर प्रेम केले, त्यात चित्रकाराच्या रंगाइतकाच लाखेचा वाटा होता.

म्हणून अजिंठ्याच्या रंगाविषयी मत बनवताना मूळ द्रव्य, वरचे रोगण आणि लेण्यातला मंद उजेड या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे. अकोल्या-अमरावतीच्या शाळांमधील मुलांना लेणी दाखवायला नेण्याआधी घरच्या गेरूचा एक हात कागदावर फिरवायला दिला, तर भिंतीवरचा तांबडा त्यांना लगेच ओळखीचा वाटेल.