उबिय्वोव्क : एका विरळ आडनांवाची कुळकथा

आडनांव मनुष्याला जन्मतःच आयतें मिळतें. म्हणूनच कीं काय, त्याच्याविषयीं तो सहसा विचार करीत नाहीं. घराची वा शेताची कुळकथा शोधणारे पुष्कळ, परंतु घरदार गेल्यावरही जें मागें राहतें त्या आडनांवाची चौकशी करणारे थोडे. वस्तुतः राजांच्या बखरींत ज्यांना जागा मिळाली नाहीं अशा सामान्य माणसांचा इतिहास पुष्कळदां त्यांच्या आडनांवांतच तेवढा उरलेला असतो. युक्रेन देशांतील एका विरळ आडनांवाची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

१९४२ सालच्या मे महिन्याच्या २६ व्या तारखेस, जर्मन सैन्यानें व्यापलेल्या पोल्तावा शहरीं, एका तेवीस वर्षांच्या मुलीला तिच्या सहकाऱ्यांसह गोळ्या घालून ठार मारण्यांत आलें. मुलीचें नांव ओलेना आणि आडनांव उबिय्वोव्क. युक्रेनियन भाषेंत ‘उबिय्’ म्हणजे ‘ठार मार’ आणि ‘वोव्क’ म्हणजे ‘लांडगा’. ‘लांडगा मार’ असा हुकूम देणारें हें आडनांव एका डॉक्टरच्या घरीं आणि खगोलशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वांट्याला आलें कसें?

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘वोव्क’ हा शब्द भारतीय वाचकाला वाटतो तितका परका नाहीं. रशियन भाषेंत लांडग्याला ‘वोल्क’, पोलिशमध्यें ‘विल्क’ आणि चेक भाषेंत ‘व्ल्क’ म्हणतात. हे सारे शब्द आणि संस्कृतांतला ‘वृक’ एकाच मुळापासून निघाले आहेत. भीमसेनाला ज्या प्राण्यावरून वृकोदर म्हटलें, तोच प्राणी पोल्तावाच्या या आडनांवांत बसलेला आहे. युक्रेनियन लोकांच्या उच्चारांत अशा ठिकाणचा जुना ‘ल’कार पालटून त्याचा ‘व’ झाला, आणि म्हणून ‘वोल्क’ऐवजीं ‘वोव्क’ हें रूप बनलें. या एका अक्षरामुळें आडनांवाचें मूळ गांव कळतें. सरकारी दप्तराची भाषा पुढें रशियन झाली तरी हा ‘व’ जागचा हलला नाहीं.

आतां घडण पाहूं. आज्ञार्थी क्रियापद आणि त्याला जोडलेलें नाम अशा घडणीचीं आडनांवें युरोपांत इतरत्रही सांपडतात. इटलींतील ‘बेविलाक्वा’ या आडनांवाचा अर्थ ‘पाणी पी’ असा होतो, आणि फ्रान्समधील ‘ब्वालो’ याचाही भाव तोच. युक्रेनमध्यें मात्र या घडणीला जणूं पूर आला. तेथें ‘नेपिय्वोदा’ हें आडनांव आहे, आणि त्याचा अर्थ ‘पाणी पिऊं नको’. यांतला ‘ने’ म्हणजे आपला ‘न’, ‘पिय्’ म्हणजे ‘पी’, आणि ‘वोदा’ हा संस्कृत ‘उदका’चा भाऊबंद. ‘नेपिय्पिवो’ म्हणजे ‘बीर पिऊं नको’. ‘वेर्निहोरा’ म्हणजे डोंगर उलथून टाकणारा, ‘पेरेबिय्निस’ म्हणजे नाक फोडणारा, ‘क्रुतिवुस’ म्हणजे मिशीला पीळ भरणारा. ‘नेतुदिखाता’ या आडनांवांत तर ‘घर त्या बाजूला नाहीं’ अशी एक सबंध गोष्टच दडलेली वाटते.

अशीं नांवें आईबाप ठेवीत नाहींत. तीं सवंगडी ठेवतात, आणि तेही हंसत हंसत. हे सवंगडी कोण होते हें समजण्यासाठीं द्नीपर नदीच्या धबधब्यांपलीकडे जावें लागतें. युक्रेनियन भाषेंत ‘झा पोरोही’ म्हणजे ‘प्रपातांच्या पलीकडे’. त्यावरूनच तेथील कोसॅक वीरांना झापोरोझियन हें नांव पडलें. सोळाव्या शतकापासून जमीनदारांच्या वेठीला कंटाळलेले कुणबी, कर्जबाजारी कारागीर, गुन्हेगार, साहसी तरुण असे सर्व प्रकारचे लोक पळून या प्रदेशांत जमूं लागले. त्यांच्या तटबंदीच्या छावणीला ‘सीच’ म्हणत. तेथें आलेल्या माणसाला त्याचें पूर्वीचें नांव सांगण्याची सक्ती नव्हती. नवें नांव मात्र घ्यावें लागे. मागून येणाऱ्या जमीनदाराच्या माणसांना जुन्या नांवाचा मागमूस लागूं नये, हा त्यांतला एक व्यावहारिक फायदा. आणि मागचा जन्म संपून नवा सुरू झाला, ही त्यामागची भावना.

या नामकरणाचा विधि विनोदी असे. झापोरोझियन इतिहासाचे थोर अभ्यासक द्मित्रो यावोर्निच्की (१८५५–१९४०) यांनीं त्याचें मोठें गंमतीचें वर्णन केलें आहे. निष्काळजीपणानें छावणींतील झोंपडी जाळणारा ‘पालिय्’ ठरे. लापशी शिजविणाऱ्याला ‘काशोवार’ म्हणत. आणि ठेंगण्या माणसाला मुद्दाम ‘माखिना’, म्हणजे अगडबंब, असें नांव देत. मिकिता कोर्झ नांवाच्या एका वृद्ध झापोरोझियनाच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी १८४२ सालीं ओदेसा येथें प्रसिद्ध झाल्या. त्याचें मूळचें आडनांव तारान. तो एकदां टेकाडावरून घरंगळत खालीं आला, तेव्हां त्याच्या धर्मपित्यानें त्याला ‘कोर्झ’, म्हणजे भाकरीसारखी चपटी रोटी, असें नांव देऊन टाकलें. आणि तेंच त्याला जन्मभर चिकटलें.

या चालीमुळें ‘लांडगा मार’ या आडनांवाचा पहिला धनी कसा असेल, हा प्रश्न अधिकच अवघड होतो. गवताळ माळरानावर घोडे आणि मेंढ्या राखणाऱ्यांना लांडग्याची भीति नित्याचीच होती. तेव्हां एकट्यानें लांडगा लोळविणारा कोणी धाडसी गडी या घराण्याचा मूळपुरुष असणें शक्य आहे. पण ठेंगण्याला अगडबंब म्हणणाऱ्या मंडळींनीं लांडग्याला पाहून झाडावर चढणाऱ्या एखाद्या भित्र्यालाही हेंच नांव दिलें असणें तितकेंच शक्य आहे. आडनांवाचा शब्दार्थ निश्चित आहे. पण तें उच्चारतांना पहिल्या माणसांच्या चेहऱ्यावर आदर होता कीं हसूं, हें दप्तरांत लिहिलेलें नसतें.

दप्तर मात्र आहे, आणि तें असामान्य आहे. १६४८ सालीं बोहदान ख्मेल्नित्स्की याच्या नेतृत्वाखालीं कोसॅकांनीं पोलंडच्या सत्तेविरुद्ध उठाव केला. पुढच्या वर्षीं झ्बोरिव येथें तह होऊन ४०,००० कोसॅकांची पटावर नोंद करण्याचें ठरलें, आणि त्याप्रमाणें १६४९ च्या अखेरीस सोळा पलटणींची नांवनिशीवार यादी तयार झाली. १९९५ सालीं कीव येथें ही यादी ग्रंथरूपानें पुन्हां छापण्यांत आली. सतराव्या शतकांतील इतक्या सामान्य माणसांचीं नांवें एके ठिकाणीं नोंदलेलीं फार थोड्या देशांत सांपडतील.

ही यादी चाळतांना दिसतें कीं सीचमधील गमतीदार नांवांच्या मानानें साधींच नांवें कितीतरी अधिक आहेत. ‘एन्को’ हा प्रत्यय लावून बापाच्या नांवावरून वा धंद्यावरून केलेलीं नांवें त्यांत पानोपानीं भेटतात. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, त्याचा मुलगा कोवालेन्को. पिपें करणारा ‘बोंदार’, त्याचा बोंदारेन्को. विणकर ‘त्काच’, त्याचा त्काचेन्को. चांभार ‘श्वेत्स’, त्याचा शेव्चेन्को. युक्रेनचा राष्ट्रकवि तारास शेव्चेन्को (१८१४–१८६१) हा याच आडनांवाचा. त्याच्या घराला गांवांत ह्रुशिव्स्की असेंही म्हणत. म्हणजे एकाच कुळाला एक नांव कागदावरचें आणि दुसरें गल्लींतलें, अशी दुहेरी रीत तेथें दीर्घकाळ चालू होती. यांतलें कोणतें नांव टिकावें, हें पुष्कळदां पाद्री किंवा कारकून यांच्या लेखणीवर अवलंबून असे.

येथें आडनांवांच्या संख्येचा प्रश्न उभा राहतो. एकविसाव्या शतकांतील गणत्यांप्रमाणें युक्रेनमध्यें सर्वांत अधिक आढळणारें आडनांव ‘मेल्निक’, म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, हें आहे. शेव्चेन्को हें त्याच्या खालोखाल. प्रत्येकाचे धनी सुमारें एक लाख. कारण उघड आहे. प्रत्येक खेड्याला एक गिरणी लागे आणि एक लोहार लागे. त्यामुळें एकमेकांना कधींही न पाहिलेल्या हजारों कुटुंबांना हींच आडनांवें स्वतंत्रपणें मिळालीं. शेव्चेन्को म्हणून सारे शेव्चेन्को एका रक्ताचे नव्हेत. उलट ‘लांडगा मार’ किंवा ‘घर त्या बाजूला नाहीं’ यासारखें नांव गांवोगांवीं सुचण्यासारखें नाहीं. तें एखाद्या वेळीं एखाद्या माणसाला पडतें, आणि पुढचा सारा विस्तार त्याच्याच वंशांतून व्हावा लागतो. म्हणून विरळ आडनांवाचीं माणसें बहुधा एकमेकांचीं दूरचीं नातलग असतात.

अशा एकाच खोडावर उभें असलेलें झाड वाऱ्याला लवकर बळी पडतें. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७३ सालीं असा प्रश्न विचारला होता कीं, आडनांव केवळ मुलाकडून पुढें जात असेल तर कांहीं पिढ्यांनंतर कितीं आडनांवें नामशेष होतील? वॉटसन नांवाच्या धर्मोपदेशकानें गणिताच्या साह्यानें या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि त्यांतून गणिताची एक शाखाच निघाली. तिचें व्यवहारांतलें सार सोपें आहे. एक पिढी मुलींचीच झाली, एक साथ आली, एक लढाई झाली कीं थोड्या घरांत असलेलें आडनांव कायमचें पुसलें जातें. लाखभर मेल्निकांना असल्या अपघाताचें भय नाहीं. दहा घरांच्या आडनांवाला तें दर पिढीला आहे.

युक्रेनच्या विरळ आडनांवांना निसर्गाच्या या नियमाशिवाय राजकारणाचेही तडाखे बसले. १७७५ सालीं दुसऱ्या कॅथेरिन राणीच्या हुकमानें रशियन सैन्यानें सीच उध्वस्त केली. पुढें १७८५ सालीं सरदारवर्गाला सनद मिळाली, आणि कोसॅक अधिकाऱ्यांची घराणीं खानदानीपणाचे पुरावे जमवूं लागलीं. तेव्हां दरबारांत शोभेल असें आडनांव हवेंसें वाटूं लागलें. कोणी ‘ओव’ जोडून नांव रशियन वळणाचें केलें, तर कोणी ‘स्की’ जोडून पोलिश थाटाचें. याच्या उलट उदाहरणही प्रसिद्ध आहे. गोगोल (१८०९–१८५२) या लेखकाच्या आजोबांचें आडनांव यानोव्स्की. त्यांनीं एका जुन्या कोसॅक सेनानीशीं नातें दाखविण्यासाठीं त्याला ‘होहोल’ हें नांव जोडलें. हें एका जातीच्या बदकाचें नांव. नातवानें यानोव्स्की टाकून दिलें, आणि बदकच जगप्रसिद्ध झालें.

परंतु शाईच्या फटकाऱ्यानें जें गेलें तें थोडें. भुकेनें आणि बंदुकीनें गेलें तें पुष्कळ. १९३२–३३ सालीं सोव्हिएट सरकारच्या धान्यवसुलीनें युक्रेनमध्यें जो कृत्रिम दुष्काळ पडला, त्यांत अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणें ३५ ते ४० लाख माणसें मेलीं. कीव आणि खार्कीव हे प्रांत त्यांत सर्वांत अधिक होरपळले, आणि पोल्तावा तेव्हां खार्कीव प्रांतांतच मोडत असे. जुन्या कोसॅक नांवांचा हाच मूळ प्रदेश. या दुष्काळांत घरेंच्या घरें निर्वंश झालीं. त्यांच्याबरोबर किती आडनांवें संपलीं याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

ओलेना उबिय्वोव्क या काळांतून वांचलेल्या पिढीची. तिचा जन्म १९१८ चा. खार्कीव विश्वविद्यालयांत ती खगोलशास्त्र शिकत होती. १९४१ च्या सप्टेंबरांत जर्मनांनीं पोल्तावा घेतलें, तेव्हां ती गांवींच होती. तरुण मुलामुलींची एक गुप्त मंडळी तिनें जमविली. चोरून रेडिओ ऐकावा, युद्धाच्या खऱ्या बातम्या पत्रकांवर उतरून वांटाव्या, युद्धकैद्यांना पळण्यास मदत करावी, असें या मंडळीचें काम. मेच्या आरंभीं ती पकडली गेली. छळ सोसूनही तिनें सहकाऱ्यांचा घात केला नाहीं. कोठडींतून आईबापांना लिहिलेलीं तिचीं पत्रें मात्र बाहेर पोंचलीं. तिच्याबरोबर मारल्या गेलेल्यांत एकाचें आडनांव सोरोका होतें. सोरोका हा कावळ्याच्या जातीचा काळापांढरा पक्षी. १९६५ सालीं तिला मरणोत्तर ‘सोव्हिएट संघाचा वीर’ ही पदवी देण्यांत आली. या मंडळीवर कादंबरी लिहिणारा लेखक ओलेस होंचार (१९१८–१९९५) याचें आडनांवही त्याच्या बापाचें नव्हे. बिलिचेन्को कुळांत जन्मून, आई गेल्यावर आजोळीं वाढलेल्या या मुलाला आजोळचें ‘होंचार’, म्हणजे कुंभार, हें आडनांव मिळालें.

युक्रेनियन व्याकरणाचा एक नियम असा कीं, व्यंजनांत संपणारें आडनांव पुरुषाचें असेल तर त्याला विभक्ति लागते, आणि स्त्रीचें असेल तर तें मुळींच बदलत नाहीं. ओलेनाचें नांव कोणत्याही वाक्यांत, कोणत्याही विभक्तींत, उबिय्वोव्क असेंच राहतें. रीतीप्रमाणें मुलीमुळें आडनांव पुढें चालत नाहीं, आणि गॉल्टनच्या हिशेबांत तर मुलीची गणतीच नव्हती. तरीही पोल्तावाबाहेर हें आडनांव ज्यांच्या कानीं गेलें, त्यांतील बहुतेकांना तें या मुलीमुळेंच ठाऊक झालें. चारशें वर्षांमागें कोणा तरी माणसाला आदरानें किंवा चेष्टेनें हांक मारली गेली होती. तो माणूस कसा होता हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. त्या हांकेला एका मुलीनें काय उत्तर दिलें, तें मात्र पोल्तावाच्या लोकांना माहीत आहे.