मुंबई शहर पोलीस आणि नागरी नियंत्रणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पोलीस यंत्रणेच्या इतिहासाचे लेखन बहुधा गुन्हे, दंगली आणि कर्तबगार अधिकारी यांच्याभोवती फिरते. पोलिसांनी कोणाला उत्तर द्यावयाचे, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. मुंबईसारख्या महानगराच्या संदर्भात तो अधिक महत्त्वाचा ठरतो. या शहराला १८७२ पासून निर्वाचित सदस्य असलेली महापालिका लाभली. तथापि शहराच्या पोलीस दलावर शहराच्या प्रतिनिधींचे नियंत्रण कधीही प्रस्थापित झाले नाही. प्रस्तुत लेखात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अलीकडच्या काळापर्यंत मुंबई पोलिसांवरील नियंत्रणाचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. १९०७ मध्ये पोलीस खर्चाचा भार महापालिकेवरून दूर झाला, तेव्हाच शहराचा या विषयातील एकमेव आधारही सुटला, असे या आढाव्यातून दिसून येते.

आरंभीची व्यवस्था : भ्रष्टाचार आणि न्यायालयीन दटावणी

सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या काळात बेटाच्या रक्षणासाठी उभारलेल्या भंडारी पथकांत मुंबई पोलिसांचे मूळ शोधले जाते. वेतनी पोलीस अधिकारी मात्र बराच नंतर आला. १७७९ मध्ये जेम्स टॉड याची ‘लेफ्टनंट ऑफ पोलीस’ या पदावर नेमणूक झाली. अवघ्या अकरा वर्षांत, म्हणजे १७९० मध्ये, त्याच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालला. वीस वर्षांनी, १८१० मध्ये, पोलीस सुपरिटेंडेंट चार्ल्स ब्रिस्को याच्यावरही त्याच स्वरूपाचा खटला झाला. दल अद्याप बाल्यावस्थेत असतानाच त्याच्या दोन प्रमुखांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, ही बाब लक्षणीय आहे.

या प्रकरणांपेक्षाही मूलगामी प्रश्न मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांनी उपस्थित केला. पोलीस अधिकारी लोकांना फटके मारण्याच्या, बेड्या घालून सक्तमजुरीस लावण्याच्या आणि बेटाबाहेर हद्दपार करण्याच्या शिक्षा देत असत. या अधिकारांना कायद्याचा आधार नाही, असे मॅकिंटॉश यांचे मत होते. त्यांच्या टीकेनंतर १८१२ च्या पहिल्या नियमावलीने पोलीस व्यवस्थेची फेररचना झाली. व्यक्तीचा भ्रष्टाचार हा एक भाग आणि अधिकाराच्या कायदेशीरपणाचा प्रश्न हा दुसरा भाग, हा भेद येथे प्रथमच स्पष्ट झालेला दिसतो. मात्र ही दटावणी न्यायासनाकडून आली होती; नागरिकांना त्यात कोणतेही स्थान नव्हते.

लंडनचा आदर्श

१८५६ च्या तेराव्या अधिनियमाने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाखा-शहरांच्या पोलीस व्यवस्थेला समान चौकट मिळाली. मुंबईत १८५५ पासून चार्ल्स फोर्जेट हे पोलीसप्रमुख होते. भारतातच वाढलेल्या आणि देशी भाषा उत्तम जाणणाऱ्या या अधिकाऱ्याने १८५७ च्या उठावाच्या काळात वेषांतर करून शहरातील हालचालींचा माग काढला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८६४ मध्ये फ्रँक साउटर हे मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिले.

आयुक्तपदाची ही कल्पना लंडनहून आली होती. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी स्थापिलेले लंडनचे महानगर पोलीस दल थेट गृहमंत्र्याच्या अखत्यारीत होते. इंग्लंडमधील इतर शहरांची व्यवस्था याहून वेगळी होती. १८३५ च्या नगरपालिका कायद्यान्वये तेथील निर्वाचित नगरपालिकांच्या ‘वॉच कमिटी’ पोलीस दलाची नेमणूक आणि देखरेख करीत. म्हणजे एकाच देशात दोन नमुने उपलब्ध होते : राजधानीतील पोलीस सरकारचे आणि अन्य शहरांतील पोलीस शहराचे. भारतातील वसाहतवादी शासनाने पहिला नमुना स्वीकारला. ज्या शासनाला प्रजेच्या संमतीपेक्षा प्रजेवरील वचक अधिक महत्त्वाचा वाटत होता, त्याने अशी निवड करावी हे स्वाभाविकच होते.

खर्च शहराचा, हुकूम सरकारचा

या व्यवस्थेत एक अंतर्विरोध होता. १७९३ च्या सनदी कायद्याने ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींना रस्त्यांची सफाई, दुरुस्ती आणि पहारा यांसाठी घरमालकांवर कर बसविण्याचा अधिकार दिला होता. सफाई आणि पहारा ही दोन्ही कामे शहराच्या पैशातून व्हावीत, हे तत्त्व त्यातून रुजले. पुढे महापालिका अस्तित्वात आल्यावरही पोलीस खर्चाचा वाटा उचलण्याची जबाबदारी तिच्यावर राहिली. १८७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या चौसष्ट सदस्यांच्या महापालिकेत निम्मे सदस्य करदात्यांनी निवडलेले होते. १८८८ च्या कायद्याने सदस्यसंख्या बहात्तर झाली. गटारे, पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती यांवर हे प्रतिनिधी आयुक्तांना धारेवर धरू शकत. पोलिसांच्या बाबतीत मात्र त्यांच्या हाती देयक चुकते करण्यापलीकडे काही नव्हते.

या काळातील दंगलींनी हा अंतर्विरोध ठळक केला. फेब्रुवारी १८७४ मध्ये पारशी आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली, तेव्हा पोलिसांनी वेळेवर कारवाई केली नाही, अशी पारशी समाजाची तक्रार होती. १८९३ मध्ये हिंदू-मुसलमान दंगल झाली. प्रत्येक वेळी दाद मागण्याचा मार्ग एकच होता : सरकारकडे अर्ज करणे. ज्या सरकारच्या हुकमाने पोलीस चालत, त्याच सरकारपुढे पोलिसांविरुद्ध गाऱ्हाणे मांडावे लागे.

१९०२ मध्ये मुंबई शहरासाठी स्वतंत्र पोलीस अधिनियम झाला आणि आयुक्ताचे अधिकार अधिक नेमके व विस्तृत झाले. त्यानंतर १९०७ च्या पोलीस खर्चविषयक कायद्याने जुना वाद मिटविला. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय साहाय्य व लसीकरण यांची जबाबदारी महापालिकेकडे आली. आर्थिक दृष्टीने आणि लोककल्याणाच्या दृष्टीने हा व्यवहार शहराच्या हिताचाच होता. मुंबईच्या पालिका शाळांचा आणि रुग्णालयांचा पुढील विस्तार लक्षात घेता त्याला दोष देता येणार नाही. तथापि त्याची एक किंमत होती. ‘आम्ही पैसे देतो, तेव्हा आम्हाला विचारण्याचा हक्क आहे’, हा युक्तिवाद करण्याची संधी शहराने कायमची गमावली. खर्चाच्या मोबदल्यात नियंत्रण मागण्याऐवजी खर्चातून सुटका मागितली गेली आणि ती मिळाली.

स्वातंत्र्योत्तर काळ : सातत्य

स्वातंत्र्यानंतर ही रचना बदलेल, अशी अपेक्षा अनाठायी नव्हती. प्रत्यक्षात १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, शहर व जिल्हा पोलिसांचे कायदे एकत्र केले. पोलीस दलावरील देखरेखीचा अधिकार मात्र कलम ४ अन्वये राज्य शासनाकडेच ठेवला. शासन आता लोकनियुक्त असल्याने नियंत्रण लोकशाही झाले, असे म्हणता येईल आणि ते अंशतः खरेही आहे. परंतु गव्हर्नरच्या जागी गृहमंत्री आला, तरी नियंत्रणाची दिशा तीच राहिली. बदली आणि नेमणूक हीच त्याची मुख्य साधने राहिली.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगलींनी या व्यवस्थेची कठोर परीक्षा घेतली. सुमारे नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाची नेमणूक जानेवारी १९९३ मध्ये झाली. जानेवारी १९९६ मध्ये राज्य शासनाने आयोग गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्याचे पुनरुज्जीवन केले. फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झालेल्या अहवालात एकतीस पोलिसांवर ठपका ठेवण्यात आला होता. अहवालाचे मुख्य निष्कर्ष तत्कालीन शासनाने स्वीकारले नाहीत. ज्याच्या कारभाराची चौकशी व्हावयाची, त्यालाच चौकशी नेमण्याचा, थांबविण्याचा आणि तिचे निष्कर्ष बाजूस सारण्याचा अधिकार होता, हे या घटनाक्रमातून स्पष्ट होते. या दंगलींशी संबंधित एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. तोवर जवळपास तीस वर्षे लोटली होती.

विशेष म्हणजे चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती संसदेने संमत केली, ती डिसेंबर १९९२ मध्येच. नागरी स्वराज्य संस्थांना बळ देणाऱ्या या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील अठरा विषयांत पोलीस हा विषय नाही. शहर जळत असतानाच्या त्या महिन्यात शहरांच्या अधिकारांची नवी यादी तयार झाली, परंतु तिच्यात सुरक्षेला स्थान मिळाले नाही.

या काळात एक वेगळा प्रयोगही झाला. भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभारल्या होत्या. १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन आयुक्त सतीश सहानी यांच्या पुढाकाराने अशा समित्या सुरू झाल्या. पोलीस आणि वस्ती यांच्यात संवाद निर्माण करण्यात त्यांचा वाटा मोलाचा आहे. मात्र त्यांना वैधानिक अधिकार नव्हते. संवाद हा उत्तरदायित्वाचा पाया असू शकतो, त्याचा पर्याय नव्हे.

प्रकाश सिंह निकाल आणि २०१४ ची दुरुस्ती

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग, पोलीस आस्थापना मंडळ, प्रमुख अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण यांचा त्यांत समावेश होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून या संस्थांना वैधानिक रूप दिले. राज्य सुरक्षा आयोगाचे अध्यक्षपद गृहमंत्र्याकडे असून विरोधी पक्षनेता आणि शासनाने नामनिर्देशित केलेले पाच अशासकीय सदस्य त्यात आहेत. तक्रार प्राधिकरण मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभागाच्या पातळीवर ठेवण्यात आले. त्यामुळे मुंबईकरांचा समावेश कोकण विभागात होतो. देशातील सर्वांत मोठ्या शहर पोलीस दलांपैकी एका दलासाठी केवळ त्याच शहराची अशी नागरी देखरेख संस्था या रचनेतही नाही.

मार्च २०२१ मध्ये बदली झालेल्या पोलीस आयुक्तांनी तत्कालीन गृहमंत्र्यांवर पत्राद्वारे गंभीर आरोप केले. गृहमंत्र्यांनी ते नाकारले. ५ एप्रिल २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला आणि त्याच दिवशी गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला. आरोपांच्या सत्यासत्यतेत न शिरताही एक गोष्ट नोंदविता येते. नियंत्रण करणारा आणि नियंत्रित होणारा यांच्यातील वाद सोडविण्यासाठी १८११ प्रमाणेच २०२१ मध्येही न्यायालयाचेच दार ठोठवावे लागले.

समारोप

शहराच्या प्रतिनिधींकडे पोलीस सोपविल्यास स्थानिक पक्षीय राजकारण दलात शिरेल, ही शंका निराधार नाही. वॉच कमिटीच्या इतिहासातही तशी उदाहरणे आहेत. परंतु देखरेख आणि हस्तक्षेप या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोणाला अटक करावी हे सांगणे हा हस्तक्षेप होय. अटकेची पद्धत कायदेशीर होती काय, हे विचारणे ही देखरेख होय. मुंबईच्या इतिहासात पहिलीला वाव राहिला आणि दुसरीला स्थिर संस्था मिळाली नाही.

ज्या लंडनवरून मुंबईने आपली रचना घेतली, त्या लंडनने २००० मध्ये महानगर पोलीस प्राधिकरण स्थापन केले आणि २०१२ मध्ये ती जबाबदारी निर्वाचित महापौरांच्या कार्यालयाकडे सोपविली. एकशे सत्तर वर्षांनी मूळ नमुन्यात बदल झाला. त्याची प्रतिकृती मात्र जवळपास तशीच राहिली. १९०७ मध्ये महापालिकेने शाळा आणि रुग्णालये स्वीकारली आणि ती चालवून दाखविली. विचारण्याचा जो हक्क त्या वेळी मागे राहिला, तो पैशाच्या आधाराने नव्हे, तर नागरिकत्वाच्या आधाराने परत मागता येतो काय, हा मुंबईच्या नागरी इतिहासातील अद्याप अनुत्तरित प्रश्न होय.