फेणी

गोव्यात काजूच्या बोंडांपासून गाळले जाणारे मद्य. बेळगावच्या कॅम्पातून निघून चोर्ला घाट उतरला की सत्तरी तालुक्यात मार्च ते मे या काळात भट्ट्या पेटलेल्या दिसतात. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. बोंडे तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलीच वेचून तुडवतात. रस काही दिवस आंबवून तांब्याच्या भाणात उकळतात. पहिल्या धारेची हुर्राक सौम्य, फार न टिकणारी आणि खरे तर अधिक रुचकर. ती रसासह पुन्हा गाळली की सुमारे ४२ टक्के मद्यार्काची फेणी उतरते. वास उग्र, पिकल्या फळाचा; नवख्याला सहसा मानवत नाही. दक्षिण गोव्यात माडीचीही फेणी होते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.