सोंग, रस्ता आणि छायाचित्र : वऱ्हाडातील उत्सवांच्या दृश्य-इतिहासाचा एक विचार

प्रस्तावना :
वऱ्हाडच्या सांस्कृतिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने दप्तरे, गॅझेटिअर आणि मौखिक परंपरा यांच्या आधारे झालेले आहे. छायाचित्र हे साधन त्या मानाने उपेक्षित राहिले. मेळघाटातील होळीचा फगवा, अकोल्याची श्रावणातील कावड, गावोगावची दंडार या उत्सवांत वेशभूषेला मोठे महत्त्व आहे. असे उत्सव टिपण्यासाठी आज कोणीही एकट्याने रस्त्यावर उतरू शकतो. ही मोकळीक कशी निर्माण झाली आणि तिच्यासोबत कोणती जबाबदारी आली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
छायाचित्रण १८३९ मध्ये जगापुढे आले आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होत होती. रसायन लावलेली काच वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावी लागे. त्यामुळे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि मदतनीस सोबत न्यावे लागत. चालती मिरवणूक टिपणे जवळजवळ अशक्य होते. परिणामी माणसाला रस्त्यावरून बाजूला काढून स्थिर उभे करणे हीच रीत पडली. विल्यम जॉन्सन यांच्या मुंबईतील जातीजमातींविषयीच्या दोन खंडांत (१८६३ व १८६६) तर माणसांच्या आकृती कापून वेगळ्याच पार्श्वभूमीवर चिकटविलेल्या दिसतात. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथाने हीच दृष्टी शासकीय पातळीवर नेली. पेहराव ही जातीची खूण ठरली आणि तो घालणारी व्यक्ती मात्र अनामिक राहिली.

वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्यानंतर रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेळघाटातील कोरकूंचे तसेच पूर्ण पेहरावातील कोरकू स्त्रियांचे छायाचित्र आहे. चित्राखाली जमातीचे नाव आहे, व्यक्तीचे नाही. त्या स्त्रिया कोण होत्या, कोणत्या प्रसंगासाठी नटल्या होत्या, हे आज त्या चित्रावरून कळत नाही. साधन टिकले, परंतु त्यातील इतिहासाचा मोठा भाग हरवला.

एकट्या छायाचित्रकाराचा उदय :
१८८८ मधील कोडॅकच्या पेटी-कॅमेऱ्याने आणि १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका या लहान कॅमेऱ्याने परिस्थिती पालटली. मदतनीस, तंबू आणि तिपाई यांची गरज उरली नाही. छायाचित्रकार गर्दीत मिसळू लागला आणि क्षण निवडण्याचा अधिकार पूर्णपणे त्याच्या हाती आला. मात्र हा एकटेपणा सर्वांना सारखाच सुलभ नव्हता. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. रस्त्यावर एकट्याने वावरण्याची मुभा कोणाला आहे, यावरही दृश्य-इतिहासात काय नोंदले गेले हे अवलंबून असते.

विश्लेषण :
वऱ्हाडातील उत्सवांत वेशाचा अर्थ एकसारखा नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. दंडारीत पुरुष स्त्रीचे सोंग घेतो. ते सोंग पाहण्यासाठीच असते आणि प्रेक्षकाला पाहण्याचे निमंत्रण आधीच मिळालेले असते. अकोल्यात श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी सुमारे १८ किलोमीटरवरील गांधीग्राम येथून पूर्णेचे जल कावडीने आणून राजराजेश्वराला अर्पण करतात. १९४४ च्या दुष्काळात ही प्रथा सुरू झाल्याचे सांगितले जाते. मिरवणुकीत देवदेवतांचे देखावे असतात. पण खांद्यावर भरणे घेऊन अनवाणी चालणारा भक्त सोंग घेत नसतो. त्याच्या चेहऱ्यावरील थकवा देखाव्याचा भाग मानणे अनुचित ठरते. गर्दीमुळे तेथे छायाचित्रकार दिसेनासा होतो, म्हणून विवेक त्यालाच बाळगावा लागतो.

मेळघाटात चित्र उलटे आहे. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे त्यासाठी गावी परततात. नटलेले स्त्री-पुरुष रस्त्यावर वाहने अडवून नाचतात आणि फगवा मागतात. येथे पाहणारा लपू शकत नाही. त्याला थांबावे लागते, द्यावे लागते आणि तोही उत्सवाचा भागीदार होतो. कोरकूंचा पेहराव हे सोंग नव्हे, तो त्यांचा स्वतःचा सणाचा वेश आहे. १९१६ च्या चित्रात नसलेला परस्परव्यवहार फगव्याच्या रस्त्यावर आपोआप घडतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. सार्वजनिक रस्त्यावरील छायाचित्रणाला त्यामुळे बंदी आली नाही, परंतु मुखवटा उतरवून विसावलेल्या कलावंताचे चित्र घेताना त्याची संमती विचारणे हा केवळ शिष्टाचार राहिला नाही.

निष्कर्ष :
तंत्र बदलले तसा छायाचित्रकार समूहातून एकटा झाला. परंतु अनामिक चित्राची वसाहतकालीन सवय पूर्णपणे गेली नाही. आज विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीत दरवर्षी असंख्य चित्रे साठतात व पुसली जातात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी त्यांतील निवडक चित्रे स्थळ, तिथी, उत्सवाचे नाव आणि संमती असल्यास व्यक्तीचे नाव यांसह जतन केली, तर ती विश्वसनीय साधने ठरतील. या चार नोंदींना खर्च येत नाही. त्या नसतील तर आजच्या फगव्यातील स्त्रीही शंभर वर्षांनी 'पूर्ण पेहरावातील कोरकू स्त्री' एवढीच उरेल.